वाटणीची बातमी

पत्रकारितेत मी जे शिकलो, त्यातला मोलाचा भाग अकोल्याच्या एका मोटार रिवायंडिंगच्या दुकानात शिकलो. दुकानाचे मालक मॅट्रिक झालेले, आयटीआयचा वायरमनचा कोर्स केलेले. अख्खं मार्केट त्यांना चाचा म्हणायचं. स्वतःचं नाव छापून आलेलं त्यांना रुचलं नसतं, म्हणून मीही इथे चाचाच म्हणतो. ट्युनिशिया, इजिप्त, लिबिया, मोरोक्को, अल्जीरिया या देशांत लोक रस्त्यावर उतरले आणि त्यानंतर तिथे काय घडलं, हे समजून घेण्याची जी काही रीत माझ्याजवळ आहे, ती त्यांनी दिली. हे ऋण जाहीरपणे मान्य करावं, असं फार दिवस मनात होतं.

२०११ साली मी एका मराठी दैनिकाच्या अकोला आवृत्तीत रात्रपाळीचा उपसंपादक होतो. जिल्ह्याच्या बातम्या आणि जाहिराती लावून जी जागा उरे, ती परदेशाची. पण त्या वर्षी परदेशच पान फोडून बाहेर येत होता. १७ डिसेंबर २०१० रोजी ट्युनिशियातल्या सिदी बूझीदमध्ये मोहम्मद बुअझीझी या फळविक्रेत्या तरुणाने स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारीला तिथले राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. ११ फेब्रुवारीला इजिप्तमध्ये होस्नी मुबारक पायउतार झाले, आणि आठवडाभरात लिबिया पेटला. लिबियात तेव्हा सुमारे १८ हजार भारतीय कामाला होते. आपल्या सरकारने विमानं आणि जहाजं पाठवून त्यातल्या १५ हजारांहून अधिक लोकांना परत आणलं. मला लिबियात राहिलेला कोणीतरी वऱ्हाडी माणूस हवा होता. अकोट स्टँडजवळच्या एका बोअरवेलवाल्याने चाचांचा पत्ता दिला.

चाचा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लिबियाला गेले होते. त्रिपोलीच्या पश्चिमेला, ट्युनिशियाच्या सीमेकडे, समुद्रकाठी जुवारा नावाचं गाव आहे. तिथे घरबांधणीच्या कामावर वायरिंग आणि पंप बसवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. ठेकेदाराने कित्येक महिन्यांचा पगार अडकवला. पासपोर्ट त्याच्याच ताब्यात. त्या दिवसांत शेजारच्या एका मासेमाराच्या घराने चाचांना जेवू घातलं, वर खर्चाला दिनार दिले. पुढे सुटका झाली ती एका रात्रीत. ते पैसे परत करायचे राहून गेले. नंतर पाठवायचा प्रयत्न केला, पण पत्ता सापडला नाही, पत्राला उत्तर आलं नाही. "त्या घराचं देनं हाये माह्यावर," चाचा म्हणायचे. "म्हनून मी तिथली खबर सोडत नाही."

रोज रात्री ते बीबीसी उर्दूचं सैरबीन ऐकत. जळालेल्या मोटारीची तांब्याची तार उलगडत असताना शेजारी रेडिओ चालू असे. मी मुलाखत घ्यायला गेलो आणि पुढची अनेक वर्षं, रात्रपाळीला जाण्याआधी, तिथेच बसत राहिलो.

पहिल्याच भेटीत त्यांनी एक गोष्ट नीट समजावली. जुवाऱ्याचे लोक अरब नाहीत. जग त्यांना बर्बर म्हणतं, ते स्वतःला अमाझिग म्हणवतात. अरब आले त्याच्या कितीतरी आधीपासून ते उत्तर आफ्रिकेत राहतात. मोरोक्को आणि अल्जीरियात त्यांची संख्या मोठी आहे. लिबियात ते मुख्यतः नफूसाच्या डोंगरात आणि जुवाऱ्यात. गद्दाफींच्या राज्यात त्यांची भाषा शाळेत शिकवायला बंदी होती, मुलांची अमाझिग नावं सरकारी दफ्तरात नोंदवता येत नसत. चाचा ज्या घरी जेवायला जात, तिथल्या पोराला आजी एका नावाने हाक मारी आणि शाळेच्या कागदावर दुसरंच नाव असे. "घरात येक नाव, शायेत येक नाव. असं पोरगं मोठं होऊन काय करन? येक दिवस उठनच ना थो," चाचा म्हणाले. आणि तसंच झालं होतं. फेब्रुवारीत जुवारा उठलं, नफूसाचा डोंगरही उठला, आणि पुढे ऑगस्टमध्ये त्रिपोली पडली तेव्हा डोंगरातून उतरलेल्या तुकड्या शहरात आघाडीवर होत्या.

२० ऑक्टोबरला गद्दाफी मारले गेले. आमच्या कचेरीत त्या रात्री पहिल्या पानावर त्यांचा फोटो लागला आणि दुसऱ्या दिवसापासून लिबिया पानावरून गेला. तेव्हा चाचा जे बोलले, त्यावर मी पुढचं सगळं काम उभं केलं.

"भांडन झालं का तुमी पेपरवाले धावता. वाटनी होते तवा तिथं कोनीच नसते. अन् खरी गोठ तं वाटनीतच असते रे बाबू."

ज्याने गावात भावाभावांच्या शेताची वाटणी पाहिली आहे, त्याला हे उमगायला वेळ लागत नाही. भांडणात कोण खरं बोललं हे लोक विसरतात. विहीर कोणाच्या हिश्शात गेली, सोसायटीचं कर्ज कोणाच्या नावावर राहिलं, यावर पुढच्या दोन पिढ्या जगतात. मी उठावानंतरच्या देशांकडे तसं पाहू लागलो: विहीर कोणाची, कर्ज कोणाचं, आणि वाटणीला बसलेले परके पंच कोण.

लिबियात विहिरी होत्या तेलाच्या आणि वायूच्या. जुवाऱ्याला लागूनच मेल्लिताचा वायूप्रकल्प आहे. तिथून समुद्राखालून निघालेली वाहिनी इटलीच्या सिसिली बेटावर जाते. नव्या संविधानासाठी ६० जणांची समिती ठरली, तेव्हा त्यात अमाझिगांना फक्त दोन जागा मिळाल्या आणि भाषेबाबत हमी काहीच नाही. २०१३च्या शरदात जुवाऱ्याच्या लोकांनी मेल्लिताचा प्रकल्प अडवला. इटलीकडे जाणारा वायू थांबला, तेव्हा कुठे युरोपच्या वर्तमानपत्रांत अमाझिगांचं नाव आलं. फेब्रुवारी २०१४च्या समितीच्या निवडणुकीवर त्यांनी बहिष्कार टाकला. डोंगरातल्या शाळांत मात्र त्यांनी आपली भाषा शिकवायला सुरुवात केली होती. ही बातमी मी चाचांना वाचून दाखवली, तेव्हा ते बराच वेळ त्या मासेमाराच्या नातवंडांबद्दल बोलत राहिले. ती आता आपल्या खऱ्या नावाने शाळेत जात असतील, या विचाराने त्यांना झालेला आनंद मी विसरलेलो नाही.

परके पंचही आले. एका बाजूला तुर्कस्तान, दुसऱ्या बाजूला संयुक्त अरब अमिराती, इजिप्त आणि रशिया. २०१९ आणि २०२० साली त्रिपोलीच्या वेशीवर जे युद्ध झालं, त्यात ड्रोन त्यांची आणि मरणारी माणसं लिबियाची. ऑक्टोबर २०२०मध्ये शस्त्रसंधी झाली. २४ डिसेंबर २०२१ला ठरलेली निवडणूक झालीच नाही.

दुकानात बसायला शेतकरी येत. पातूर, बार्शीटाकळी, मूर्तिजापूरकडून जळालेली मोटार घेऊन आलेला माणूस दुसरी तक्रार ठरलेली करी: "डीएपी भेटून नाही राह्यलं." चाचांनीच ती तक्रार आणि माझं परदेशाचं पान एकत्र आणलं. आमच्या काळ्या, चुनखडीच्या मातीत पिकाला उपलब्ध होणारा स्फुरद कमी पडतो, म्हणून कपाशी-सोयाबीनला डीएपी लागतं. डीएपीच्या पोत्यावर १८:४६ लिहिलेलं असतं, म्हणजे ५० किलोत २३ किलो स्फुरद. तो स्फुरद ज्या दगडातून निघतो, तो आपल्याकडे पुरेसा नाही. तो मोरोक्कोतून येतो, जॉर्डनमधून येतो, ट्युनिशियातून येतो. "तिथला खानकामगार कामावर नाही गेला, तं इथं आपलं पेरनीचं काम अडते," चाचा त्या शेतकऱ्याला सांगत, आणि मला म्हणत, "हे लिही ना."

मी शोधत गेलो आणि ट्युनिशियाच्या उठावाचं मूळ मला फॉस्फेटच्या खाणीत सापडलं. गफ्सा हा तिथला खाणपट्टा. जानेवारी २००८मध्ये रेदेयेफ या खाणगावात सरकारी फॉस्फेट कंपनीच्या नोकरभरतीचा निकाल लागला. वशिलेबाजी झाल्याचं पाहून बेकार तरुण, खाणीत मेलेल्या कामगारांच्या विधवा आणि शिक्षक रस्त्यावर बसले. सहा महिने ते आंदोलन चाललं आणि पोलिसांनी गोळ्या घालून, तुरुंगात टाकून ते मोडलं. बुअझीझीच्या तीन वर्षं आधी बेन अलींच्या राज्याला पहिला तडा तिथे गेला होता. उठावानंतर गफ्साचे तरुण पुन्हा खाणीच्या रुळांवर बसले, कारण नोकरी मिळाली नव्हतीच. वर्षाला ८० लाख टनांच्या घरातलं फॉस्फेटचं उत्पादन निम्म्याहून खाली आलं आणि पुढची अनेक वर्षं सावरलं नाही. ट्युनिशियाच्याच स्खीरा बंदरात भारतासाठी फॉस्फोरिक आम्ल बनवणारा कारखाना उभा राहिला, त्यात गुजरातची जीएसएफसी आणि कोरोमंडल या आपल्या कंपन्यांची भागीदारी आहे. रेदेयेफच्या विधवेचा प्रश्न आणि बार्शीटाकळीच्या शेतकऱ्याचा प्रश्न एकाच साखळीत बसतात, हे मी एका लेखात लिहिलं. जिल्ह्यातून जितकी पत्रं त्या लेखाला आली, तितकी मला पुन्हा कधी आली नाहीत.

मोरोक्कोची गोष्ट आपल्या परराष्ट्र धोरणापर्यंत पोचते. जगातल्या फॉस्फेटच्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के साठा मोरोक्कोच्या हाती आहे आणि त्यात त्याने ताब्यात ठेवलेल्या पश्चिम सहारातली बू क्राची खाणही येते. तिथल्या सहरावी लोकांच्या गणराज्याला भारताने १९८५ साली मान्यता दिली होती. १९९९पासून मोरोक्कोच्या जोर्फ लास्फार बंदरात भारतीय कंपन्यांच्या भागीदारीतला फॉस्फोरिक आम्लाचा कारखाना चालू आहे. जून २०००मध्ये भारताने ती मान्यता काढून घेतली. आपल्या पिकांच्या गरजेचं वजन किती असतं, हे ज्यांना कळतं त्यांना या दोन तारखा शेजारी ठेवल्या की पुरेसं होतं. मी सरकारला दोष देत नाही. शेतकऱ्याला खत हवं आहे. पण त्या पोत्यात कोणाचा हक्क मिसळला आहे, हे माहीत असणं आपलं कर्तव्य आहे, असं मी चाचांमुळे मानतो.

मोरोक्कोच्या राजाने २०११मध्ये वेळ ओळखली. २० फेब्रुवारीला तरुण रस्त्यावर आले आणि १ जुलैला नव्या संविधानावर मतदान झालं. त्यात अमाझिग भाषेला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. चाचांना त्याचं फार कौतुक होतं. पण कागदावरची वाटणी आणि शेतातली वाटणी वेगळी असते. ऑक्टोबर २०१६मध्ये अमाझिगबहुल रिफ भागातल्या अल होसेमा शहरात मोहसिन फिकरी हा मासेविक्रेता, जप्त झालेला माल वाचवायला कचऱ्याच्या गाडीत चढला आणि चिरडून मेला. त्यानंतर जे आंदोलन उभं राहिलं, त्याची मागणी दवाखाना, विद्यापीठ आणि रोजगार एवढीच होती. त्याचा नेता नासेर झेफ्झाफी याला २०१८ साली २० वर्षांची शिक्षा झाली. चाचा त्या दिवशी दुकान बंद करून घरी गेले. मासे विकून पोट भरणाऱ्या माणसाशी त्यांचं नातं होतं.

शेजारच्या अल्जीरियाने २०१९मध्ये तेच अनुभवलं. २२ फेब्रुवारीपासून दर शुक्रवारी लाखो लोक शांतपणे रस्त्यावर येत राहिले आणि २ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष बुतेफ्लिकांनी राजीनामा दिला. जूनमध्ये लष्करप्रमुखांनी राष्ट्रध्वजाशिवाय दुसरा झेंडा चालणार नाही असं बजावलं आणि अमाझिग झेंडा धरणाऱ्या तरुणांना तुरुंगात टाकलं. चळवळीत अरब आणि अमाझिग खांद्याला खांदा लावून चालत होते. त्यांच्यात फूट पाडण्याचा तो प्रयत्न होता. अल्जीरियन तरुणांनी तो झेंडा सोडला नाही. तुरुंगातून सुटलेले लोक पुढच्या शुक्रवारी पुन्हा रांगेत दिसले.

इजिप्तचा विचार करताना मला वऱ्हाडचा इतिहास आठवला आणि त्यावर चाचांशी मी सर्वांत जास्त बोललो. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, तो कंटिन्जंट फौजेच्या खर्चाची बाकी चुकवता येईना म्हणून. राज्यकर्त्याच्या कर्जापायी आमची जमीन गहाण पडली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी झाली, लँकशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि एकाच वेळी वऱ्हाड आणि इजिप्त पांढऱ्या सोन्याच्या मागे लावले गेले. १८६७पर्यंत आगगाडी आमच्या अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली, १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. पण भाव पडले आणि इजिप्तचा खेदिव्ह इस्माईल कर्जात बुडाला. १८७५मध्ये त्याने कालव्याचे शेअर इंग्लंडला विकले, १८७६मध्ये युरोपच्या सावकारांचा आयोग त्याच्या तिजोरीवर बसला. त्याविरुद्ध अहमद उराबी या शेतकऱ्याच्या पोराने, लष्करातल्या कर्नलने, उठाव केला. सप्टेंबर १८८२मध्ये तेल एल केबीरच्या लढाईत इंग्रजांनी तो मोडला. त्या इंग्रजी फौजेत हिंदुस्थानातून नेलेल्या पलटणीही होत्या. इंग्रज सैनिक इजिप्तमधून पूर्णपणे निघाले ते १९५६ साली. आमचा वऱ्हाड १९०२मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने गेला.

चाचा हे सगळं ऐकून म्हणाले, "म्हनजे राजा खाते अन् कुनबी फेडते. तिथं भी अन् इथं भी." कर्ज माणसाचं काय करतं, हे वऱ्हाडातल्या घरांना सांगावं लागत नाही. म्हणूनच मुबारक गेल्यानंतरच्या इजिप्तचे आकडे मला आकडे वाटत नाहीत. लोकांनी निवडून दिलेले मोर्सी मार्च २०१३मध्ये दिल्लीला येऊन गेले आणि जुलैत लष्कराने त्यांना उतरवलं. ऑगस्टमध्ये कैरोच्या रबा चौकात शेकडो माणसं मारली गेली. लष्करप्रमुखाचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या सिसींच्या काळात २०१६ साली नाणेनिधीकडून १२ अब्ज डॉलरचं कर्ज ठरलं, इजिप्तचा पौंड घसरला, भाकरीपासून पेट्रोलपर्यंत सगळं महागलं. फेब्रुवारी २०२४मध्ये रास एल हिक्माचा समुद्रकिनारा विकसित करण्यासाठी अमिरातीशी ३५ अब्ज डॉलरचा करार झाला. १८७५मध्ये कालव्याचे शेअर गेले तसा हा किनारा गेला, असं म्हणणारे इजिप्तमध्ये पुष्कळ आहेत, आणि वऱ्हाडात राहणाऱ्या मला त्यांचं दुःख आपलं वाटतं.

भारताच्या भूमिकेबद्दल चाचांचं मत समंजस होतं. अमरावतीच्या सूनबाई, तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील, २०१०च्या नोव्हेंबरअखेर दमास्कसला गेल्या होत्या. पुढच्या मार्चमध्ये सीरियातल्या दरा शहरातून तिथला उठाव सुरू झाला. त्याच महिन्यात, १७ मार्चला, सुरक्षा परिषदेत लिबियावर कारवाईची मुभा देणारा १९७३ क्रमांकाचा ठराव आला आणि भारताने ब्राझील, चीन, जर्मनी, रशियासोबत तटस्थ राहणं पसंत केलं. त्यावर आमच्याकडे टीका झाली. चाचा म्हणाले, "लाखो मानसं तिकडं कामाले हायेत आपली. सरकारले जपून बोलाव लागते. पन तुले कायचं भेव हाये? तू बोल." सरकार जपून बोलतं, म्हणून नागरिकाने मोकळं बोलायचं: हा धडा मला कुठल्याही वर्गात मिळाला नव्हता.

चाचा २०२१च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. जनाज्याला मोजकी माणसं होती. दोन-तीन महिन्यांत, २५ जुलैला, ट्युनिशियाचे राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद बंद केली. संवादाने देश सांभाळला म्हणून ज्या देशातल्या कामगार संघटनेसह चार संस्थांना २०१५चं शांततेचं नोबेल मिळालं, त्याची ही गत झाली. नाणेनिधीच्या १.९ अब्ज डॉलरच्या कर्जाच्या अटी सईदांनी २०२३च्या एप्रिलमध्ये झिडकारल्या, आणि जुलैत युरोपीय संघाने समुद्रमार्गे येणाऱ्या स्थलांतरितांना अडवण्याच्या बदल्यात ट्युनिशियाशी करार केला. म्हणजे वाटणीला आणखी एक पंच बसला. यातली प्रत्येक बातमी वाचताना चाचांशी बोलावंसं वाटतं.

आता मी अमरावतीला पत्रकारितेच्या मुलांना शिकवतो. दर्यापूर, अचलपूर, चांदूर बाजारची ही मुलं आहेत. खरिपाच्या तोंडावर डीएपीची टंचाई झाली, की दुकानासमोरच्या रांगेची बातमी लिहिताना गफ्सा आणि जोर्फ लास्फारपर्यंत जायचं, अशी माझी अट असते. डिसेंबर २०२४मध्ये सीरियाचे राष्ट्राध्यक्ष असद देश सोडून पळाले, तेव्हा मुलांना मी एक वही करायला सांगितली. ती पाच वर्षं चालवायची आहे: कर्ज कोणी दिलं, बंदर कोणाला मिळालं, कुर्दांच्या पोरांना शाळेत कोणती भाषा मिळाली, तुरुंगातून सुटलेल्यांना काम मिळालं का.

जुवाऱ्याच्या त्या मासेमाराचं चाचांवर देणं होतं. चाचांचं माझ्यावर आहे. ते दिनारांत किंवा रुपयांत फिटणारं नाही. झेंडे आणि नेते बदलून जगाचं लक्ष उडाल्यावरही जुवाऱ्याच्या, रेदेयेफच्या, अल होसेमाच्या माणसांच्या वाट्याला काय आलं ते विचारत राहणं, आणि आपल्या भाषेत, आपल्या शेतकऱ्याला कळेल असं लिहीत राहणं, हा त्याचा हप्ता आहे. मी तो भरतो आहे, आणि ही मुलं तो पुढे भरतील असा माझा विश्वास आहे.